रोपवाटिकेतून झाड निवडताना

हापूसचे एक कलम मी मोठ्या हौसेने आणून परसात लावले होते. पिशवीत असतानाच त्याला दोन कैऱ्या लागल्या होत्या आणि त्या पाहूनच मी ते निवडले होते. तीन पावसाळे गेले तरी झाड वीतभरही वाढले नाही. शेवटी उपटून पाहिले, तेव्हा मुळे पिशवीच्याच आकारात गोल गुंडाळलेली होती आणि आजूबाजूच्या मातीत एकही मूळ शिरलेले नव्हते. तेव्हापासून रोपवाटिकेत गेल्यावर मी आधी झाडाचा तळ पाहतो आणि फुले-फळे सर्वांत शेवटी.

घरातून निघण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. पहिली म्हणजे आपल्या गच्चीवर, गॅलरीत किंवा अंगणात थेट ऊन किती तास येते. गुलाब, मोगरा आणि जास्वंद यांना किमान पाच-सहा तास ऊन हवे. त्याहून कमी असेल तर ही झाडे जगतात, पण फुलत नाहीत. दुसरी गोष्ट माती. आपल्या कोल्हापुरातल्या पंचगंगेच्या खोऱ्यातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि बहुधा अल्कधर्मी असते, म्हणून तिच्यात अनंत किंवा एक्झोरा यांसारख्या झाडांना लोह मिळेनासे होते आणि त्यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पन्हाळा-गगनबावड्याकडची तांबडी माती पाण्याचा निचरा करते आणि आम्लाकडे झुकलेली असते. ज्यांच्याकडे काळी माती आहे त्यांनी अशी झाडे तांबड्या मातीच्या कुंडीतच लावायची, असे ठरवूनच ती विकत घ्यावीत.

खरेदीची वेळही महत्त्वाची आहे. पावसाच्या सुरुवातीला फळझाडे लावावीत हे सर्वांना ठाऊक असते, परंतु कोल्हापुरात जुलैचा पाऊस असा कोसळतो की काळ्या मातीतला खड्डा डबके होतो आणि नवे कलम कुजते. त्यामुळे जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच लावावे, म्हणजे जुलैपर्यंत मूळ धरते. ते जमले नाही तर ऑगस्टच्या अखेरीपर्यंत थांबावे. २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी ज्यांच्या अंगणात आले होते, त्यांनी तर महागडे कलम पाणी उतरण्याचे दिवस संपल्यावरच आणावे. गुलाबासाठी दसऱ्यानंतरचा काळ उत्तम.

आता मुळांविषयी. विक्रेत्याची परवानगी घेऊन पिशवी उचलावी. ती जमिनीला चिकटलेली असेल आणि खालच्या छिद्रांतून जाड मुळे बाहेर आली असतील, तर झाड त्या पिशवीत गरजेपेक्षा फार दिवस राहिलेले आहे. मग खोड हलकेच हलवून पाहावे. झाड मातीत डगडग हलत असेल, तर ते नुकतेच लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत भरलेले आहे आणि मोठ्या पिशवीची किंमत लहान झाडाला लावलेली आहे. निरोगी मुळांची टोके पांढुरकी आणि टणक असतात. काळी, मऊ पडलेली आणि कुबट वासाची मुळे असलेले झाड फुकट मिळाले तरी घेऊ नये. आंध्रातील कडियमहून देशभर जाणारी शोभेची झाडे अनेकदा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतात. असा गोळा तसाच कुंडीत ठेवला तर भोवतालची भुसभुशीत माती ओली होते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. म्हणून लावण्यापूर्वी तो पाण्यात भिजवून कडेची माती अलगद सैल करावी.

मातीतून सोबत काय येते, तेही पाहावे. मुळे कुरतडणारी हुमणी अळी काय करते हे ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तीच अळी पिशवीत आणि तेथून आपल्या बागेत येते. लव्हाळा या तणाचा एक गड्डा आला, तरी तो निपटता निपटत नाही. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, संशय धरावा आणि ते झाड परत ठेवावे. मात्र शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी असतातच, त्यांना घाबरू नये.

खरी फसगत कलमांत होते. आंब्याच्या खोडावर, मातीपासून साधारण वीतभर वर, तिरका किंवा पाचरीसारखा जोड स्पष्ट दिसला पाहिजे. तो नसेल तर ते कोयीचे रोप आहे, मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी खोडात रुतलेली असेल तर तेथेच झाड पुढे मोडते. पिशवीतल्या कैऱ्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत, कारण लावल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे मोहोर खुडूनच टाकायचा असतो. गुलाबात डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, जागेच्या खालून आलेले जोमदार फुटवे खालच्या जंगली खुंटाचे असतात, झाड भरगच्च दिसते ते त्यांच्यामुळेच. सोनचाफा मात्र कलमाचाच घ्यावा, बियांच्या झाडाला फुलायला फार वर्षे लागतात. याउलट कागदी लिंबाचे बियांचे रोपही बहुतांशी मातृवृक्षासारखेच निघते, त्यामुळे तेथे कलमाचा आग्रह नको. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती ही जात मागावी. कोकमाच्या बियांच्या रोपांत नर-मादी वेगवेगळी निघतात, म्हणून परसात एकच झाड लावायचे असेल तर मादी झाडाचे कलमच हवे.

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा असून विक्रेत्याकडे परवाना असावा लागतो. तो पाहायला मागण्यात संकोच करू नये आणि जातीचे नाव लिहिलेली पावती घेतल्याशिवाय निघू नये.

पाने उलटून पाहणे हे काम मिनिटाचे आहे: पांढरी माशी, जास्वंदीवरचा कापसासारखा पिठ्या ढेकूण, लाल कोळ्याचे बारीक जाळे. सारख्याच किमतीत दोन झाडे असतील तर उंच, सडपातळ झाडापेक्षा बुटके आणि जाड खोडाचे निवडावे. फुललेल्यापेक्षा कळ्यांचे झाड घ्यावे. कुंड्या आणि तयार मातीची पोती कोठेही मिळतात. साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) खत म्हणून वापरायची असेल तर ती पूर्ण कुजलेली आणि गार झालेली असावी, ताजी मळी तापते आणि मुळे पोळतात.

दुचाकीवरून आणताना झाड ओल्या गोणपाटात गुंडाळावे, कारण वाऱ्याने कोवळी पाने वाटेतच करपतात. घरी आल्यावर ते जुन्या झाडांपासून दूर, सावलीत आठ-दहा दिवस ठेवावे आणि मग संध्याकाळी लावावे. पिशवी ओढून न काढता ब्लेडने उभी कापावी, गोल फिरलेली मुळे दोन-तीन ठिकाणी छाटून मोकळी करावीत आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहील एवढ्याच खोलीवर झाड बसवावे.