एकाच इश्यूवर दोघे: ओपन सोर्समधील कामाचा वाद कसा मिटवावा

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत, नव्याने उतरणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यांमध्ये कोडपेक्षा ‘हा इश्यू माझा होता’ यावरूनच अधिक वाद होतात. इश्यू म्हणजे प्रकल्पाच्या पानावर नोंदवलेली त्रुटी किंवा काम. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे ‘मी यावर काम करतो’ एवढे लिहून काही जण निघून जातात आणि महिन्याभराने दुसऱ्याची पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती) आली की दुखावतात. माझ्या मते इश्यूवर हक्क आधी बोलणाऱ्याचा नसतो. ज्याचे काम सर्वांना दिसते, त्याचा असतो.

म्हणून काम घेण्यापूर्वी इश्यूखालची सगळी चर्चा, त्याला जोडलेल्या पुल रिक्वेस्ट आणि प्रकल्पाचे योगदानाविषयीचे नियम वाचावेत, कारण प्रत्येक ठिकाणची रीत निराळी असते. पांडाज या पायथन लायब्ररीच्या प्रकल्पात टिप्पणीत ‘टेक’ (take) एवढाच इंग्रजी शब्द लिहिला की इश्यू आपल्या नावावर होतो. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या प्रकल्पात तिकीट (तिथला इश्यू) आपल्या नावावर करून घेण्याची पद्धत आहे, आणि ते कित्येक आठवडे हालचालीविना पडून असेल, तर दुसऱ्याने घेण्यास सहसा हरकत नसते. काही प्रकल्प मात्र कोणाच्याच नावावर इश्यू करत नाहीत.

नाव आधीच लागलेले असेल, तर त्या व्यक्तीला तिथेच नम्रपणे विचारावे: ‘आपले काम चालू आहे का? नसल्यास मी पुढे नेऊ का?’ उत्तरासाठी आठवडाभर तरी थांबावे; मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, बहुधा स्वयंसेवक असतात आणि नाशिकची सकाळ ही अमेरिकेतील आदली संध्याकाळ किंवा रात्र असते. नाव आपले असेल, तर अर्धवट का होईना, ड्राफ्ट (मसुदा) पुल रिक्वेस्ट लवकर उघडावी. जमत नसल्यास ‘हा इश्यू मी सोडत आहे’ असे स्पष्ट लिहावे. यात कमीपणा मुळीच नाही, उलट मेंटेनरला याचाच सर्वाधिक उपयोग होतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटात मित्रांनी इश्यू आपसांत वाटून घेतलेले असतात, पण मेंटेनरला त्यातले काहीच दिसत नसल्यामुळे एकाच दुरुस्तीच्या दोन पुल रिक्वेस्ट त्याच्यासमोर येतात. गटात ठरलेले प्रत्येक वाटप त्याच दिवशी इश्यूखाली नोंदवावे.

तरीही दोन पुल रिक्वेस्ट आल्याच, तर आधी कोणाची आली यावर न भांडता कोणती पूर्ण आहे आणि कोणतीत चाचण्या आहेत, हे दोघांनी मिळून पाहावे. दुसऱ्याचे उपयोगी भाग निवडलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये घेताना कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ (Co-authored-by) या ओळीत त्याचे नाव व ईमेल द्यावे. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात ते गिटहब हे संकेतस्थळ २०१८ पासून अशा कमिटवर सहलेखकांचीही नावे दाखवते. एकमत न झाल्यास निर्णय मेंटेनरवर सोपवावा, आणि तो विरुद्ध गेला तर आपली पुल रिक्वेस्ट बंद करताना तिच्यातील कोणती चाचणी किंवा कोणता भाग अजून वापरता येईल, हे लिहून ठेवावे.