सायकलचं हेल्मेट: डायल फिरवण्याआधी काय बघायचं

शिवणाची टेप भुवयांच्या दोन सेंटिमीटर वरून डोक्याभोवती फिरवा आणि आकडा लिहून ठेवा. मोजायचं काम एवढंच. यावर लोक अख्खे व्हिडिओ का करतात कळत नाही, कारण कुठल्या खोक्यापासून सुरुवात करायची याच्यापलीकडे हा आकडा काही सांगत नाही. एका कंपनीच्या ५५ ते ५९ लिहिलेल्या हेल्मेटमध्ये ५७ सेंटिमीटरचं डोकं आरामात मावतं. दुसऱ्या कंपनीच्या ५५ ते ५९ मध्ये तेच डोकं ठणकायला लागतं.

आतल्या लेबलवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी छापलेलं हवं. पहिलं युरोपचं मानक, दुसरं अमेरिकेचं. आयएस ४१५१ चा शिक्का इथे शोधत बसू नका, ते मोटरसायकलच्या हेल्मेटचं मानक आहे. स्वस्त आणि महाग हेल्मेटवर लेबल एकच असेल तर किमान चाचणी दोघांनी तीच पास केलेली असते. वरचे पैसे जातात ते बहुतेक कमी वजनासाठी, जास्त हवेसाठी आणि कधी मिप्ससारख्या, आपटताना डोक्याला बसणारा पीळ कमी करायला लावलेल्या सरकत्या थरासाठी. हा थर आतली थोडी जागा खातो, म्हणून मिप्सवालं हेल्मेट वेगळं घालून बघा.

आता जिथे सगळे फसतात ते. डोकं वरून पाहिलं तर कुणाचं लांबट असतं, कुणाचं गोल. हेल्मेटचंही तसंच. दोघांचे आकार जुळले नाहीत तर माप कितीही बरोबर असो, ते हेल्मेट तुमचं नाही. आणि हे दुकानात लक्षातच येत नाही, कारण हेल्मेट डोक्यावर ठेवलं की दुकानदार पहिलं काम करतो ते मागची डायल, म्हणजे हेल्मेट घट्ट-सैल करायचं चाक, करकरा आवळायचं. ‘बघा, कसं फिट बसलं!’ बसणारच. डायल मागचा पाळणा, म्हणजे डोक्याला मागून धरणारी प्लास्टिकची पट्टी, ओढून डोकं पुढच्या बाजूला दाबून धरते. कवचाचा आकार बदलणं तिच्या हातात नाही.

म्हणून डायल पूर्ण सैल करा. पट्टा उघडा ठेवा. हेल्मेट सरळ डोक्यावर ठेवून वरून हलकंच दाबा आणि कुठे टेकतंय ते नीट जाणवू द्या. कपाळावर आणि मागे रुततंय, पण कानांच्या वर दोन्ही बाजूंना बोट सहज जातंय? डोकं लांबट, हेल्मेट गोल. कानशिलं आवळली जातायत आणि पुढेमागे पोकळी? डोकं गोल, हेल्मेट लांबट. दोन्ही वेळेला दुकानदार एक माप मोठं काढून देईल. घेऊ नका. रुतणं थांबेल, पण पोकळी आणखी वाढेल आणि रस्त्यावर हेल्मेट डोक्याभोवती फिरेल. जाड पॅड लावून देतो म्हणाला तरी नको. सरळ दुसरं मॉडेल मागा, दुसऱ्या कंपनीचं मागा. ‘एशियन फिट’ लिहिलेली हेल्मेटं पूर्व आशियातल्या गोलसर डोक्यांवर बेतलेली असतात. आपणही आशियातलेच, असा हिशोब करून ती उचलू नका.

दुसरा ठरलेला सल्ला म्हणजे ‘वापरून सैल पडेल.’ नाही पडत. कवचाच्या आत असतो तो गणपतीच्या मखराचाच थर्मोकोल, फक्त बराच दाट. तो आपटल्यावर एकदाच दबतो आणि तसाच राहतो. त्याचं काम तेच आहे, आणि म्हणूनच जोरात आपटलेलं हेल्मेट बाद करायचं. रोज घालून पातळ होतात ती पॅडं. आज कपाळाला टोचणारी कड वर्षभरानंतरही टोचणार आहे.

डायल सैल असतानाच चारी बाजूंनी सारखा, हलका स्पर्श जाणवला की मग ती आवळा, दोनतीन टिकटिक पुरतात. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून हलवा: कपाळाची कातडी, भुवया त्याच्याबरोबर हलायला हव्यात. पट्टा न लावता खाली वाकून बुटांकडे बघा, हेल्मेट पडता कामा नये. मग ते घालून पंधरा मिनिटं दुकानातच काढा. त्यांना कंटाळा आला तर येऊ द्या, सिंहगडाच्या चढावर तिसऱ्या किलोमीटरला डोकं तुमचं दुखणार आहे. काढल्यावर कपाळावर फिकट, पसरट खूण दिसली तर चालेल. आडव्या कुंकवाच्या चिरीसारखा बारीक लाल वळ दिसला तर परत ठेवून द्या. ऑनलाइन घ्यायचं असेल तर हेच सगळं घरी, लेबल न काढता, परत करायची मुदत संपायच्या आत.

केसांचं: सायकल चालवताना वेणी घालत असाल तर वेणी घालूनच दुकानात जा. उंच अंबाड्यावर कुठलंच हेल्मेट बसत नाही.

पट्ट्यांना पाच मिनिटं लागतात. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. टोपीसारखं मागे सारून घालणारे कपाळ उघडं टाकतात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाच्या पाळीखाली इंग्रजी व्ही करून मिळाल्या पाहिजेत, तिथलं प्लास्टिकचं कुलूप सरकवून नीट बंद करा. ढकलल्यावर हेल्मेट मागे जात असेल तर पुढची पट्टी कमी करा, डोळ्यांवर येत असेल तर मागची. बकल लावल्यावर हनुवटीखाली एक बोट जावं. मोठी जांभई द्या. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं की झालं.

मुलांसाठी वाढत्या अंगाचं हेल्मेट घेऊ नका. शाळेचा गणवेश मोठा घेतला तर बाही दुमडता येते, इथे दुमडायला काही नाही. आज बसेल तेच घ्या, लहान झालं की बदला. आणि सायकल लावून मूल घसरगुंडीकडे पळालं तर आधी हेल्मेट काढायला लावा, खेळण्याच्या फटीत हेल्मेट अडकून हनुवटीच्या पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो.