अडकणारी पॉइंट टू-टू: माझा अनुभव

संग्रह आवरता घेणाऱ्या एका वयस्कर स्नेह्यांकडून जुन्या .२२ बोर रायफली घेतल्या. परवाना आणि नावबदलाचे कागद आधी, रायफल नंतर, आणि प्रत्येक नंबर कागदाशी ताडून. मैत्रीतही यात सूट नाही.

एका बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये (हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायच्या रायफलीत) 'लाँग रायफल' नावाचं .२२ चं लांब काडतूस पूर्ण बसेना, बसलं तर उडाल्यावर रिकामं टरफल निघेना. पहिला संशय एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे टरफल ओढून काढणाऱ्या आकड्यावर. पण तो ठणठणीत होता. मग स्नेह्यांनाच विचारलं. "अहो, मी तिच्यात कायम शॉर्टच वापरली!" तिथंच उलगडा झाला. शॉर्ट म्हणजे .२२ चंच आखूड काडतूस. त्याचं टरफल साधारण १०.७ मि.मी., लाँग रायफलचं १५.६. त्यामुळे शॉर्टच्या तोंडापुढे चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) शिसं, मेण आणि काजळीचं कडं साचतं. लांब टरफल नेमकं त्यात रुततं.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढला. चेंबरमध्ये सॉल्व्हंट सोडून मुरू दिलं, मग ब्रॉन्झचा ब्रश मागच्या बाजूने घालून फिरवला. स्टीलचा ब्रश नको, चेंबर ओरखडतं. चिंधीवर काळा गाळ येत राहिला. ती स्वच्छ निघेपर्यंत हेच. आता टरफलं सहज बाहेर पडतात.

विकत घेताना चेंबरची कडही टॉर्च लावून बघा. रिमफायरमध्ये, म्हणजे अशा .२२ मध्ये, पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, त्यामुळे जुन्या रायफलीचा रिकामा घोडा वारंवार ओढला असेल तर तिथे खळगा पडतो आणि बार फुसके जातात. तो खळगा ब्रशने जात नाही, बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्यावा लागतो.