शिशाचा जॉइंट गळतो तो ठोकण्यात: या चुका टाळा

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागे, हाउस गल्लीत (दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात) उतरणारे सी.आय.चे, म्हणजे बिडाचे, डाउनटेक (सांडपाणी खाली नेणारे उभे) पाइप अजून शिशाच्या जॉइंटवर उभे आहेत. सॉकेटमध्ये, म्हणजे खालच्या पाइपच्या रुंद तोंडात, वरच्या पाइपचं टोक बसवायचं, फटीत यार्न (तागाची दोरी) भरायचं, वर वितळलेलं शिसं ओतायचं आणि छिन्नीने ठोकून घट्ट करायचं, एवढंच काम. या चारांत सर्वांत जास्त दुर्लक्ष शेवटच्याकडे होतं, आणि गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. शिसं गोठताना सुमारे साडेतीन टक्के आक्रसतं. म्हणजे ओतलेली कडी दिसायला भरगच्च असली, तरी पाइपपासून आणि सॉकेटपासून केसभर सुटलेली असते. ती फट फक्त ठोकण्याने मिटते. नुसतं ओतून ठेवलेला जॉइंट हा अर्धाच जॉइंट आहे.

यार्न कमी-जास्त होणं

100 मिमीच्या सॉइल (मैल्याच्या) पाइपला शिशाची खोली 25 मिमी हवी. सॉकेटची बाकीची खोली यार्नने भरायची. मोजमाप डोळ्याने करू नका. यार्न ठोकायच्या पट्टीवर टोकापासून 25 मिमीवर खडूची खूण करा. पट्टी यार्नवर टेकली की खूण सॉकेटच्या तोंडाशी आली पाहिजे, तीही चारही बाजूंना. यार्न जास्त झालं तर शिशाची कडी पातळ होते आणि ठोकताना वाकते. कमी किंवा सैल झालं तर शिसं यार्नमधून पाइपच्या आत उतरतं, तिथे त्याचा काटा तयार होतो आणि पुढे त्यालाच कपडा-केस अडकून लाइन तुंबते.

यार्न कोरडंच हवं. आणि पाइप मधोमध बसलाय का, हे यार्न भरतानाच पाहा. एका बाजूला पाइप सॉकेटला टेकला असेल, तर तिथे शिसं जातच नाही. मग कितीही ठोका.

ओलावा

ही चूक गळतीवर थांबत नाही, डोळा घालवते. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची एका क्षणात वाफ होते, आकारमान सुमारे 1,600 पट वाढतं आणि शिसं तोंडावर उडतं. सॉकेट फडक्याने पुसून पुरत नाही. ब्लो-टॉर्चच्या ज्योतीने शेकून कोरडा करा. वरच्या मजल्यांना सांगून नळ आणि फ्लश बंद ठेवायला लावा. पळी कढईच्या कडेवर गरम करूनच शिशात बुडवा. कढईत नवा तुकडा टाकायचा तर तोही आधी कडेवर तापवा. चष्मा, चामडी हातमोजे आणि बंद बूट हवेतच. पँट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचू नका.

जागा कोरडी होतच नसेल, तर ओतू नका. लेड वूल, म्हणजे शिशाच्या तंतूंचा पेड, एकेक वेढा घालत थंडच ठोकून भरा. वेळ जास्त लागतो, पण ओल्या जागी तोच योग्य मार्ग.

शिशाची निवड आणि तापमान

जुन्या बॅटरीच्या पाट्या वितळवून वापरणं ही स्वस्तातली घातक सवय. त्यात अँटिमनी हा धातू असतो, शिसं कडक होतं, ठोकल्यावर पसरत नाही. शिवाय त्याची वाफ आणि धूळ जास्त विषारी. चांगलं शिसं नखाने ओरखडतं.

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, पण तेवढ्यावर ओतलं तर अर्ध्या वाटेत गोठतं. वरची मळी काढा आणि कोरडी लाकडाची काडी बुडवा. काडीला शिसं चिकटलं तर अजून थंड आहे. काडी तपकिरी होऊन स्वच्छ बाहेर आली तर तयार आहे. पेटली तर जास्त तापलंय. लाल होईपर्यंत तापवण्याने फक्त मळी आणि विषारी वाफ वाढते.

दोनदा ओतणं

100 मिमीच्या सॉइल जॉइंटला साधारण एक किलो शिसं लागतं. पाण्याच्या त्याच व्यासाच्या सी.आय. लाइनला 45 मिमी खोली आणि 2.2 किलो. पळीत त्याहून थोडं जास्त घ्या आणि एका दमात ओता. पहिल्या थरावर दुसरा थर एकजीव होत नाही, मधून पाणी वाट काढतं. आडव्या पाइपला चिकणमाती लावलेली दोरी सॉकेटच्या तोंडाशी गुंडाळा आणि वरच्या बाजूला ओतायला तोंड ठेवा. हवा तिथूनच बाहेर पडते, म्हणून तोंड अगदी अरुंद करू नका.

ठोकणं

शिसं थंड होऊ द्या. तोंडाजवळचा जादा गोळा छिन्नीने कापा. मग सर्वांत पातळ कॉकिंग छिन्नीने (शिसं ठोकायच्या बोथट छिन्नीने) पाइपच्या कडेने एक फेरी, दुसरी फेरी सॉकेटच्या कडेने, आणि शेवटी जाड छिन्नीने मधे. घाव थोड्या थोड्या अंतरावर, एकावर एक चढणारे. सुरुवातीला आवाज थपथप येतो, कडी घट्ट बसली की तो टणटणीत होतो. आवाज पूर्ण घेरात सारखा झाला की थांबा. त्यापुढे मारलेला घाव सॉकेटला तडा देतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या लोखंडाला तडा जायला फार जोर लागत नाही.

गळती कुठली ते आधी शोधा

जॉइंट पुसून खडूची पूड भुरभुरा. ओल पाइप आणि शिशाच्या मधून आली, तर पुन्हा ठोकल्याने बहुधा थांबते. सॉकेटच्या अंगातून आली, तर तो तडा आहे. पाइप बदलावाच लागेल. वरून सिमेंट किंवा इपॉक्सी लिंपणं दोन्हींत चूक, कारण पाणी आतल्या आत साचतं आणि पुढच्या वेळी शिशापर्यंत पोचायला सगळं फोडावं लागतं.

जुना जॉइंट उघडताना ब्लो-टॉर्च लावू नका. मैल्याच्या लाइनीत मिथेन असू शकतो. ड्रिलने भोकं पाडून शिसं छिन्नीने काढा. आणि नव्या तुकड्यासाठी पी.व्ही.सी. पाइप आणला असेल, तर त्याच्याभोवती शिसं ओतायचा विचारच करू नका, पी.व्ही.सी. साधारण 80 अंशांना मऊ पडतं. तिथे रबराचा जोड वापरावा. पिण्याच्या पाण्याच्या नव्या लाइनलाही शिसं नको, रबर गॅस्केटच.

काम सुरू असताना बिडी, तंबाखू, चहा नको. हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका. शिशाच्या कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. लहान मुलांच्या शरीरात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं.

शेवटी धूर-चाचणी घ्या: सगळ्या ट्रॅपमध्ये (पाणी साठून वास अडवणाऱ्या वाकांत) पाणी भरा, लाइनीत धूर सोडा, 25 मिमी उंच पाण्याइतका दाब 15 मिनिटं टिकवा आणि प्रत्येक सॉकेटला जवळून पाहा. भिंतीकडची बाजू आरशाने बघा. ठोकताना हात पोचत नाही तो भाग तोच, म्हणून धूर बहुतेकदा तिथूनच निघतो.