खवले मांजरावरून पात्र घडवताना
प्राण्यावरून पात्र घडवताना कोल्हा लबाड, सिंह राजा अशा ठरीव गुणांवर थांबू नये. त्या प्राण्याची एखादी खरी सवय निवडून ती माणसात कशी दिसेल, हे शोधावे. कोकणातले खवले मांजर घ्या. (नावापलीकडे मांजराशी त्याचे काही नाते नाही.) त्याला दात नसतात, लांब, चिकट जिभेने ते रात्री मुंग्या आणि वाळवी टिपते, आणि धोका जाणवताच अंगाचे वेटोळे करून खवल्यांआड पोट लपवते. बिबट्यापुढे ही युक्ती बहुधा चालते. माणूस मात्र तेच वेटोळे उचलून पोत्यात घालतो. पात्राचे बीज नेमके इथे आहे. समजा, रात्रपाळी करणारी सुमन भांडण सुरू होताच ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत गप्प होते. जावेपुढे हे मौन ढालीसारखे उपयोगी पडते, पण जमिनीच्या कागदावर सही मागणारा दलाल त्यालाच होकार समजतो. हे दोन्ही प्रसंग आधी लिहून काढावेत आणि मगच तिचे रूप ठरवावे. खडबडीत कातडीचा मोह टाळावा. खवले मांजराचे पिलू आईच्या शेपटीवर बसून फिरते, हा तपशील मात्र मी सोडणार नाही: स्कूटरवर सुमनच्या मागे तिची लेक हवीच.