खुराड्यातली ओल आणि कोंबडीचा तुरा

मिनेसोटात किंवा कॅनडात पहिल्यांदाच चार-सहा कोंबड्या पाळणारे हिवाळा आला की खुराड्याची फट न् फट बुजवतात. नेमकं तेच करू नका. पूर्ण पिसं आलेली कोंबडी कोरडी थंडी बऱ्यापैकी काढते. तिला बाधते ती ओल. श्वासाची वाफ आणि विष्ठेतला ओलावा आत कोंडला की हिमदंशाने तुऱ्याची टोकं आधी फिकट, मग काळी पडतात. सकाळी काचेवर आतून पाणी किंवा बर्फ दिसला, नाकाला अमोनिया झोंबला, तर हवा कमी पडतेय असं समजा.

झरोके छताजवळ, बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांच्या बरेच वर हवेत. दांडीवर थेट वारा नको. दांडी चपटी, साधारण ९ सेंमी रुंद असली की कोंबडी बोटांवर पोट टेकून बसते आणि बोटं झाकली जातात. पाण्याचं भांडं रात्री बाहेर काढा. उष्णतेचा दिवा मात्र टाळाच. तो भुशात पडला तर खुराडं पेटायला वेळ लागत नाही.

जात अजून निवडायची असेल तर क्वेबेकची शाँतक्लेर बघा. तिचा तुरा इतका छोटा, की गोठायला फारसं काही उरतच नाही!