शेत आधी, घर नंतर: पवित्र शास्त्राच्या आधारे गुंतवणुकीचे नियोजन

बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकात, २४:२७ मध्ये (अध्याय २४, वचन २७) साधा सल्ला आहे: बाहेरचे काम आधी उरक, शेत तयार कर आणि मग घर बांध. पैशाविषयी शास्त्रात पुष्कळ वचने आहेत, पण नियोजनाला बसताना सर्वात उपयोगी पडते ते हेच. बहुतेकांचे गणित चुकते ते क्रमापाशी. परताव्याचा प्रश्न पुढचा. कर्ज डोक्यावर असताना शेअर घेतले जातात. राखीव रक्कम नसताना पैसे दहा वर्षांसाठी अडकवले जातात आणि पहिल्याच अडचणीत पडत्या भावाने मोडावे लागतात. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या.

सुरुवात हिशेबाने. आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घे, असे नीतिसूत्रे २७:२३ सांगते. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे येशू लूक १४:२८ मध्ये म्हणतो. गेल्या तीन महिन्यांचे बँकेचे उतारे काढा. एका कागदावर काय आहे आणि काय देणे आहे ते लिहा. प्रत्येक कर्जापुढे शिल्लक रक्कम, व्याजदर, हप्ता आणि संपण्याची तारीख हवीच. विम्याचा हप्ता, मुलांची फी, दुरुस्ती असे वर्षातून एकदा येणारे खर्च वेगळे लिहा, त्यांच्या बेरजेला १२ने भागा आणि ती रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. अंदाजपत्रके कोसळतात ती याच खर्चांमुळे.

मग वाटणी. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना पत्रात सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे (१ करिंथ १६:२). तो बोलत होता दानाविषयी, पण पद्धत बचतीलाही तंतोतंत लागू पडते: दिवस ठरलेला, प्रमाण ठरलेले आणि पैसे खर्चाआधी बाजूला. पगार जमा होतो त्याच दिवशी दान आणि बचत आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्या. महिनाअखेरीस उरेल ते ठेवू, असे म्हणणाऱ्याकडे सहसा काही उरत नाही. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) आज झेपत नसेल तर जे मनापासून देता येईल त्या टक्क्याने सुरू करा. २ करिंथ ९:७ जुलमाने दिलेले मागत नाही. दान मात्र परताव्याची योजना नाही. इतके द्या म्हणजे इतके पट परत मिळेल, असे कोणी सांगत असेल तर तो नीतिसूत्रे ३:९-१० चा अर्थ वाकवतो आहे.

कर्ज फेडणे ही शेताची खरी मशागत आहे. ऋणको धनकोचा दास होतो, असे नीतिसूत्रे २२:७ म्हणते. हे दास्य आकड्यांत पाहा: दरमहा ३ टक्के व्याजाची उधारी न फेडता ठेवली तर २४ महिन्यांत दुपटीहून किंचित जास्त होते. इतका परतावा देणारी सुरक्षित गुंतवणूक कुठेही नाही. म्हणून सर्व कर्जांचे किमान हप्ते भरत राहा आणि उरलेली प्रत्येक रक्कम सर्वात महाग कर्जावर टाका. ते संपले की तोच हप्ता पुढच्या कर्जाकडे वळवा. अलीशा संदेष्ट्याने कर्जात बुडालेल्या विधवेला हाच क्रम दिला होता (२ राजे ४:७): तेल विक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू व तुझी मुले जगा. कमी व्याजाचे घरकर्ज चालू असताना गुंतवणूक करायला हरकत नाही, पण सर्व हप्ते मिळून उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आतच हवेत.

जामीन राहण्याबाबत शास्त्र विलक्षण कडक आहे. नीतिसूत्रांत हा इशारा पुन्हा पुन्हा येतो (६:१-५, ११:१५, १७:१८, २२:२६-२७). शेवटच्या ठिकाणी तर अंगाखालचे अंथरूण नेले जाईल असे म्हटले आहे. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न: ही पूर्ण रक्कम उद्या माझ्याकडे मागितली तर देता येईल का? नसेल तर सही करू नका. झेपेल तेवढी रक्कम भेट म्हणून द्या. गरजू भावाकडून व्याज घेऊ नये, हे लेवीय २५:३६-३७ मध्ये स्पष्ट आहे, तेव्हा उसने दिलेच तर बिनव्याजी द्या.

राखीव निधीसाठी योसेफाचे, म्हणजे दुष्काळाआधी मिसर देशात धान्य साठवणाऱ्याचे, उदाहरण नेहमी दिले जाते, पण त्यातला आकडा क्वचितच तपासला जातो. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायचा होता (उत्पत्ती ४१:३४). सात पाचवे हिस्से म्हणजे सुमारे १.४ वर्षाचे पीक, तेही भरघोस वर्षांचे. दुष्काळ सात वर्षांचा होता, म्हणजे साठ्याबरोबर काटकसरीचा कारभारही लागला असणार. आपल्याकडे हे असे बसते: उत्पन्नाचे २० टक्के वाचवून ८० टक्क्यांत भागवले तर दरमहा एका महिन्याच्या खर्चाचा चौथा भाग साठतो. सहा महिन्यांचा निधी त्यामुळे २४ महिन्यांत तयार होतो. उत्पन्न अनियमित असेल किंवा घरात एकटेच कमावते असाल तर नऊ ते बारा महिन्यांचे लक्ष्य ठेवा. हा पैसा बचत खात्यात किंवा लगेच मोडता येणाऱ्या ठेवीत असावा, शेअरमध्ये नाही. आणि पगारवाढ हा आपला सुकाळ: वाढीचा निम्मा भाग पहिल्याच महिन्यापासून बचतीकडे वळवा.

शेत तयार झाले, आता पेरणी. सात जणांना, आठ जणांनाही वाटा दे, कारण पृथ्वीवर कोणता अनर्थ ओढवेल ते तुला ठाऊक नाही, असे उपदेशक ११:२ सांगतो. ज्याचे भविष्य कळत नाही त्याची तयारी कशी करावी, याचे हे उत्तर आहे. चूक होते ती मोजण्यात. एकाच प्रकारच्या कंपन्यांचे सात फंड घेतले तर ते सात वाटे होत नाहीत, कारण बाजार पडला की सातही एकत्र पडतात. वेगळे वाटे म्हणजे शेअर, रोखे (सरकारला किंवा कंपनीला व्याजाने दिलेले कर्ज), ठेवी, सोने, जमीन. शेअरच्या भागासाठी शेकडो कंपन्या सामावणारा, कमी खर्चाचा निर्देशांक फंड पुरेसा आहे. कोणत्याही एका कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको, आणि जिथून पगार येतो त्या कंपनीत तर नकोच. ती बुडाली तर नोकरी आणि साठा एकदमच जाईल.

तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा ठेवीत ठेवा. तीन ते सात वर्षांचा मिश्र ठेवा. त्याहून लांबचा प्रामुख्याने शेअरमध्ये. वाऱ्याकडे पाहत बसणारा पेरणी करत नाही (उपदेशक ११:४), म्हणून बाजार खाली येण्याची वाट न पाहता दरमहा ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला गुंतवा. थोडेथोडे साठवणाऱ्याचे धन वाढते, असे नीतिसूत्रे १३:११ म्हणते, आणि हिशेबही तेच दाखवतो. दरमहा १,०००, वार्षिक ७ टक्के दर दरमहा चक्रवाढीने धरला, तर २० वर्षांत सुमारे ५.२१ लाख होतात आणि ३० वर्षांत सुमारे १२.२ लाख. भरणा फक्त १.२ लाखांनी वाढला. बाकी सगळे वेळेचे काम. खर्चही असाच वाढतो: १०,००० एकदाच ठेवले तर ७ टक्क्यांनी ३० वर्षांत सुमारे ७६,१०० होतात, पण फंडाच्या शुल्कात दरवर्षी दीड टक्का गेला तर सुमारे ४९,८००.

वर्षातून एकदा तोल पाहा. ६० शेअर आणि ४० रोखे अशी विभागणी ठरवली, शेअर ५० टक्क्यांनी वाढले, तर आता ९० आणि ४० झाले, म्हणजे शेअर सुमारे ६९ टक्के. १२ विकून रोख्यांत टाका की पुन्हा ७८ आणि ५२, म्हणजेच ६०:४०. मूळ प्रमाणापासून ५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर हात लावू नका.

तालांतांच्या दाखल्याविषयी (मत्तय २५) थोडे. त्यात धनी प्रवासाला जाताना चाकरांकडे तालांत, म्हणजे मोठ्या रकमा, सोपवतो; दोघे त्या वाढवतात आणि एक आपला तालांत जमिनीत पुरून ठेवतो. एक तालांत सुमारे ६,००० दिनारांचा धरला जातो आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. पुरून ठेवणाऱ्याच्या हाती जवळपास वीस वर्षांची कमाई होती, आणि धनी त्याला विचारतो की निदान सावकारांकडे तरी का ठेवली नाहीस. पुरलेल्या पैशाचे आज काय होते? वार्षिक ६ टक्के महागाईत २० वर्षांनी १०० ची खरेदीशक्ती सुमारे ३१ उरते.

फसवणूक ओळखीतून येते, आणि मंडळीत (चर्चमध्ये) ती विश्वासाचे शब्द वापरून येते. भोळा प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो (नीतिसूत्रे १४:१५), आणि पहिल्याचे म्हणणे दुसरा येऊन तपासेपर्यंत खरे वाटते (१८:१७). सांगणारा बंधू असो वा पाळक, हे विचारा: योजना नियामकाकडे नोंदलेली आहे का? परतावा नेमका कोणत्या व्यवसायातून येतो? पैसा कोणाच्या नावे ठेवला जातो? मध्येच काढता येतो का? दरमहा एकसारखा, चढउतार नसलेला मोठा परतावा आणि आणखी माणसे आणण्याची अट, हे दोन्ही दिसले की थांबा. उत्तर द्यायला आठवडा घ्या आणि ज्याला त्या विक्रीतून काही मिळत नाही अशा जाणकाराला कागद दाखवा (१५:२२).

पुरेसे किती, हेही आधीच लिहून ठेवा. दारिद्र्य नको, संपत्तीही नको, माझ्या वाट्याचे अन्न दे, अशी प्रार्थना नीतिसूत्रे ३०:८ मध्ये आहे. निवृत्तीच्या वर्षातला वार्षिक खर्च गुणिले २५ हा ढोबळ आकडा धरा. ६ टक्के महागाईत खर्च १२ वर्षांनी दुप्पट होतो, तेव्हा आजचा खर्च धरू नका. तो आकडा गाठला की वाढीचा भाग कुठे द्यायचा ते आजच ठरवा, नाहीतर लूक १२ मधल्या धनवानासारखी कोठारे मोठी करणे थांबत नाही.

शेवटचे काम कागदांचे. उपदेशक ५:१३-१४ मधल्या माणसाची संपत्ती एका वाईट व्यवहारात गेली आणि मुलासाठी हातात काहीच राहिले नाही. कागदांअभावीही वारसांवर तशीच वेळ येते. सर्व खाती, विमा, कर्जे आणि कोणाकडून किती येणे आहे याची एक यादी करा. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन (नॉमिनी) तपासा. ज्यांच्यावर माणसे अवलंबून आहेत त्यांनी वार्षिक खर्चाच्या दहा ते पंधरा पट शुद्ध मुदत विमा (बचतीचा भाग नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) घ्यावा. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा, लग्न, जन्म किंवा मृत्यूनंतर बदला आणि ते कुठे ठेवले आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगा.